‘हे तेच’ नावाचं बटण

उमेळ्यात चार घरांच्या मधोमध एक बावखल आहे. बावखल म्हणजे काय, हे वसईबाहेरच्यांना सांगावं लागतं, आणि हल्ली वसईत राहणाऱ्या निम्म्या लोकांनाही. वाडीतलं तळं. पावसात तुडुंब भरतं, उन्हाळाभर केळीला, पानवेलीला, मोगऱ्याला पाणी पुरवतं आणि आसपासच्या विहिरींत खारं पाणी शिरू देत नाही. एवढं काम कुणा माणसाने केलं असतं तर त्याने गावाला ऐकवून ऐकवून जीव नकोसा केला असता. बावखल बिचारं गप्प पडून असतं. बोलायचं काम काठावरच्या चार घरांकडे होतं, आणि त्यात त्यांनी कधी कसूर केली नाही.

पश्चिमेच्या काठावर आग्नेल तुस्कानो. प्राथमिक शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे साऱ्या गावाचे मास्तर. उत्तरेला फेलिशिया, मास्तरांच्या चुलत भावाची विधवा. तिच्याशी मास्तर अकरा वर्षं बोलत नव्हते, कारण तिच्या थोरल्याच्या लग्नपत्रिकेत मास्तरांचं नाव जेम्सच्या खाली छापलं होतं. पूर्वेला हाच तो जेम्स लोपीस. पस्तीस वर्षांपूर्वी ॲनीशी लग्न करून तिच्याच घरी राहायला आला आणि मग गेलाच नाही. घरजावई हा शब्द त्याच्या तोंडावर कुणी काढत नसे, आणि पाठीमागे दुसरा कुठला काढत नसे. दक्षिणेला जयवंती राऊत, मोगरेवाली. तिने आपल्या ओट्यावरून हाक मारली की तिन्ही घरची माणसं ‘काय गं?’ म्हणत बाहेर यायची, मग हाक कुणाला का असेना.

जानेवारीतल्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर फादर म्हणाले, कुणी घरी पळू नका, हॉलमध्ये सभा आहे. सभेला कौस्तुभ नावाचा तरुण साहेब आला होता. दाढी नीट कोरलेली, टी-शर्टवर पाण्याचा थेंब छापलेला. सोबत क्षितिजा नावाची मुलगी होती, त्याच्या कार्यालयात लोकांनी भरलेल्या नोंदी साफ करायचं काम तिच्याकडे. बातमी अशी होती की गावातून बारा मीटर रुंदीचा रस्ता जाणार. नकाशावर तो पट्टी धरून आखलेला, सरळसोट. वाटेत पाणी असेल तर रस्ता वळणार. पण पाणी आहे की नाही हे ठरवणार ‘जलखूण’ नावाचं ॲप, आणि ॲपमध्ये माहिती भरणार गावकरी.

“ज्ञान लोकांकडेच असतं,” कौस्तुभ म्हणाला. “आम्ही फक्त ते कनेक्ट करतो. तुम्ही जागा टॅग करा, नाव द्या, माहिती द्या. एका जागेला एकाच नावाखाली शंभर जणांचे अंगठे मिळाले की आमची सिस्टिम ती जागा खरी मानते. एकतीस मार्चला यादी बंद.”

“आणि शंभर नाही मिळाले तर?” मास्तरांनी विचारलं.

“तर ती जागा संदिग्ध. संदिग्ध जागा यादीत येत नाही.”

“अहो, पण पाणी तर तिथे असतंच ना?”

“काका, यादीत नसलेलं पाणी आम्हाला दिसत नाही.”

हे तो हसत हसत म्हणाला, म्हणून सभाही हसली. मास्तर हसले नाहीत. भिंतीवरच्या नकाशात ती सरळ रेघ नेमकी त्यांच्या बावखलावरून गेलेली त्यांनी बघितली होती. पलीकडच्या आळीतलं बावखल सहा वर्षांपूर्वी बुजवलं गेलं. दोन उन्हाळ्यांत तिथल्या विहिरी खाऱ्या झाल्या, तिसऱ्या उन्हाळ्यात पानवेली करपल्या, आणि आता ती माणसं स्वतःच्या वाडीत उभी राहून टँकरची वाट बघतात. मास्तरांची वीस गुंठ्यांची वाडी होती, बापाने लावलेली पानवेल होती, आणि मागच्या दाराशी गोड पाण्याची विहीर होती. बावखल गेलं की हे सगळं जाणार, यात संदिग्ध काही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी चष्मा पुसला आणि फोन घेऊन बसले. प्रिस्का, त्यांची बायको, खांद्यावरून वाकून बघत होती. चाळीस वर्षं हजेरीपट भरलेला माणूस, त्याला फॉर्मची काय मातब्बरी! ‘कधीपासून आहे’ याला त्यांनी लिहिलं, आजोबांपासून. ‘खोली’ याला लिहिलं, भरपूर. ‘आपले या जागेशी नाते’ याला लिहिलं, आमचीच आहे. आणि ‘जागेचे नाव’ या रकान्यात क्षणभरही न थांबता लिहिलं, ‘तुस्कानो मास्तर बावखल’.

“अहो, नुसतं ‘बावखल’ लिहा ना,” प्रिस्का म्हणाली. “चार घरांचं आहे.”

“नुसतं लिहू? म्हणजे उद्या जेम्स म्हणेल त्याचं!”

“म्हणू दे की. पाणी राहिलं म्हणजे झालं.”

“तुला नाही कळायचं,” मास्तर म्हणाले. संसारात हे वाक्य त्यांनी जितक्या वेळा उच्चारलं होतं, तितक्या वेळा कळत प्रिस्कालाच होतं. पण तो विषय वेगळा.

त्याच दुपारी उरलेल्या तीन घरांत उरलेले तीन फॉर्म भरले गेले. फेलिशियाने नाव दिलं ‘इनास बावखल’, नवऱ्याच्या आठवणीत. खोलीच्या रकान्यात लिहिलं, आमच्या ह्यांच्या गळ्यापर्यंत, ते उंच होते. जयवंतीने लिहिलं ‘बापूंचं बावखल’. बापू तिचे सासरे. बहात्तरच्या दुष्काळात तळाचा गाळ त्यांनी काढला होता आणि तेव्हापासून राऊतांनी तो गाळ एक दिवसही कुणाला विसरू दिला नव्हता. कधीपासून आहे? पहिल्यापासून. जेम्सने तर ‘लोपीस लेक’ असं थेट इंग्रजीतच दिलं, म्हणजे कॅनडाच्या पाहुण्यांना कळावं. खोली, चार पुरुष, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकी. आपले या जागेशी नाते? जेम्स मुळात सरळ माणूस. त्याने लिहिलं, जावई.

यंत्राने हे सगळं अतिशय गंभीरपणे घेतलं. ज्या तारखा त्याला कळल्या नाहीत त्या सगळ्या त्याने १ जानेवारी १९७० करून टाकल्या. यंत्राच्या मते त्या एका दिवशी उमेळ्यातल्या झाडून साऱ्या विहिरी, बावखलं आणि कोपऱ्यावरचा जुना क्रूस एकदम जन्माला आला. ‘भरपूर’चं शून्य झालं, ‘गळ्यापर्यंत’चंही शून्य झालं. ‘चार पुरुष’चा अर्थ त्याने असा लावला की हे पाणी वापरणारे एकूण चार, सगळे पुरुष. जयवंतीने ते वाचलं आणि ओट्यावर येऊन सबंध आळीला विचारलं, “मग आमच्या मोगऱ्याला पानी काय ह्यांचे बाप घालतात?” तिन्ही घरची माणसं सवयीने बाहेर आली आणि ऐकून मुकाट आत गेली.

आठवड्याने क्षितिजाचा फोन आला.

“काका, तुमच्या इथे एकाच खुणेवर चार तळी दिसतायत. चार आहेत का?”

“एकच आहे, पोरी. त्याचं नाव तुस्कानो मास्तर बावखल.”

“मग हे बाकीचे तिघं कोण?”

“ती चुकीची माणसं आहेत.”

पलीकडून दमलेला श्वास ऐकू आला. चार हजार नोंदी होत्या तिच्या पुढ्यात. अर्नाळ्याच्या कुणी थेट समुद्राला स्वतःच्या काकाचं नाव दिलं होतं आणि त्याला सव्वीस अंगठेही मिळाले होते. “काका, नीट ऐका,” ती म्हणाली. “यंत्राला हे चार वेगळे तलाव वाटतात. प्रत्येकाचे अंगठे वेगळे मोजले जातात, म्हणून एकाचेही शंभर होत नाहीत. ॲपमध्ये ‘हे तेच’ असं एक बटण आहे. ज्यांनी ज्यांनी नोंद केलीय त्या चौघांनी ते दाबलं की चारही नोंदी एक होतील. सगळे अंगठे एकत्र. आज तुमचे चौघांचे मिळून एकशे एक्केचाळीस आहेत. म्हणजे आजच यादीत!”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. “आणि नाव कुठलं राहील?”

“ज्याचे अंगठे जास्त त्याचं.”

“म्हणजे माझं.”

“तुमचे अडतीस आहेत, काका. लोपीस लेकचे एक्केचाळीस.”

भांड्यात पडलेला जीव मास्तरांनी लगेच उचलून घेतला. “बाकीची नावं कुठे जातील?”

“‘इतर नावे’ म्हणून एक रकाना आहे. पण काठावर लागेल त्या पाटीवर एकच येतं.”

तीन अंगठे! फक्त तीन! तुस्कानोंच्या चार पिढ्यांनी ज्याच्या काठावर आंघोळी केल्या त्या बावखलावर बाहेरून आलेल्या जावयाच्या नावाची पाटी? तीही तळ्याला लेक म्हणणारी? मास्तरांनी बटण दाबलं नाही. त्यांनी जोनाथनला फोन लावला. जोनाथन त्यांचा मुलगा, बहारीनला नोकरीला. त्याने दोन दिवसांत खोलीतले मल्याळी, ऑफिसातले फिलिपिनो आणि खालच्या हॉटेलातला एक इजिप्शियन धरून अकरा अंगठे गोळा केले. या अकरांपैकी एकालाही उमेळे पूर्वेला की पश्चिमेला हे ठाऊक नव्हतं, पण तुस्कानो मास्तर बावखल हेच खरं नाव, याची त्या सर्वांनी ग्वाही दिली.

मास्तर एकोणपन्नासवर गेले. बातमी जेम्सला कळली. ॲनीचं माहेर म्हणजे तेच घर, पण मावश्या सात आणि सातही कॅनडात, मुलाबाळांसह. जेम्स बावन्न. फेलिशियाने नोव्हेनाला येणाऱ्या बायकांना वाटेत धरलं. प्रार्थना आधी की अंगठा आधी, असा फादरांना प्रश्न पडावा इतकी गर्दी झाली. जयवंतीने दादरला फुलं नेणाऱ्या टेम्पोवाल्यांपासून हाराच्या गिऱ्हाइकांपर्यंत कुणाला सोडलं नाही. मास्तरांकडे वीस वर्षं मासळी घेऊन येणाऱ्या अर्नाळ्याच्या बाईने अंगठा दिला, पण जेम्सला. “तो घासाघीस करत नाय,” ती सरळ म्हणाली. मास्तरांनी त्या दिवशी मासळी घेतली नाही आणि दुपारी डाळीबरोबर तो निर्णय पस्तावून खाल्ला.

मार्च उजाडला. जेम्स अठ्ठावन्न, मास्तर सत्तावन्न, फेलिशिया चव्वेचाळीस, जयवंती एकोणचाळीस. चौघांचे मिळून एकशे अठ्ठ्याण्णव, यादीत जायला लागत होते शंभर. रोज सकाळी क्षितिजा चौघांनाही फोन करायची. रोज चौघेही म्हणायचे, बाकीच्या तिघांना सांगा, आमच्या नावावर या, आम्ही कधीही तयार आहोत. एकी करायला एकाचीही ना नव्हती. फक्त ती आपल्या नावाखाली व्हावी, एवढंच मागणं.

शेवटी मास्तर स्वाभिमान खिशात घालून गावामागच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये गेले. ‘ग्रीन लगून’ असं त्याचं नाव. तो बारा मीटरचा रस्ता यांच्यासाठीच होता. मास्तरांचा हिशेब सोपा होता: इथे फ्लॅट इतके आहेत की सगळ्यांनी अंगठे दिले तर जेम्स, फेलिशिया, जयवंती कुणाचीच गरज नाही. सोसायटीचे सेक्रेटरी सुधाकरराव शनिवारी घरी सापडले. मूळचे कणकवलीचे, नोकरी फोर्टात, राहायला येऊन तीन वर्षं. दार अर्धंच उघडून त्यांनी ऐकून घेतलं.

“ते मागचं डबकं म्हणताय? ते आम्ही केव्हाच टाकलंय ॲपवर.”

“टाकलंय?” मास्तर हरखले. “काय म्हणून?”

“‘मच्छरांचा खड्डा’. तक्रारींमध्ये. बुजवा म्हणून. एकशे सत्त्याऐंशी अंगठे एका संध्याकाळी, ग्रुपवर एक मेसेज टाकला फक्त.” सुधाकररावांनी मायेने वर जोडलं, “आमच्यात एकी आहे ना, काका.”

मास्तर जिने उतरून खाली आले तेव्हा त्यांचे कान तापले होते. बावखलात मासे आहेत, मासे डासांची अंडी खातात, डास येतात ते तुमच्याच गच्चीवरच्या उघड्या टाक्यांतून, हे सगळं त्यांना उतरताना दुसऱ्या मजल्यावर सुचलं. तोवर दार बंद झालं होतं.

तीस मार्चला क्षितिजाने चारही घरांना कार्यालयात बोलावलं. कार्यालय वालीवला, एका कारखान्याच्या माळ्यावर. खाली पत्रा कापायचं यंत्र दर मिनिटाला धाडकन आपटायचं आणि वर चहाचे कप थरथरायचे. चौघे एका बाकावर बसले, पण असे की मध्ये एकेक पिशवी.

“उद्या संध्याकाळी सहाला यादी बंद,” कौस्तुभ म्हणाला. “तुमची जागा सध्या संदिग्ध आहे.”

“साहेब, पंधरा किलोमीटरसुद्धा नाही,” मास्तर म्हणाले. “गाडी काढा, चला. डोळ्यांनी बघा. हात घालून बघा. पाणी आहे की नाही ते एका मिनिटात कळेल.”

“साइट व्हिजिट फक्त यादीतल्या जागांचीच होते, काका.”

“म्हणजे पाणी बघायला यायचं तर आधी पाणी यादीत हवं, आणि यादीत यायचं तर...”

“डेटा कन्सिस्टंट हवा. करेक्ट.” मास्तरांना अखेर समजलं म्हणून कौस्तुभला मनापासून आनंद झाला. “मशीनला भावना नसतात. आणि आम्ही लोकांवर काही लादत नाही, हीच तर या प्रोजेक्टची ब्यूटी आहे.” एवढं सांगून तो दुसऱ्या मीटिंगला गेला. ब्यूटी निस्तरायला क्षितिजा मागे राहिली.

ती वसई पूर्वेच्या एका इमारतीत राहायची, आणि तिच्या घरी पाणी दिवसाआड टँकरने यायचं. म्हणून असेल, किंवा पोरगी मुळातच भली असेल, पण तिने रात्री जागून एक वाट शोधली होती. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. नकाशावर चार निळे ठिपके आणि त्यांच्या डोक्यावर एक लाल.

“तुम्ही चौघं एकमेकांच्या नावावर यायला तयार नाही. ठीक. पण इथे पाचवी नोंद आहे. तक्रारीत आहे, म्हणून यंत्र तिला पाणी समजत नाही, आणि तक्रार करणाऱ्यांनी बटण दाबायची गरजही नसते. तुम्ही चौघांनी तिच्यावर ‘हे तेच’ दाबलंत की तक्रार आणि तुमचं पाणी एकच होतील. पाणी म्हणून. तीनशे पंच्याऐंशी अंगठे. आत्ता, या मिनिटाला यादीत.”

“आणि नाव?” चौघांनी एकदम विचारलं. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी एकमताने काढलेला हा पहिला शब्द होता.

क्षितिजाने डोळे मिटले. “मच्छरांचा खड्डा.”

खालचं यंत्र धाडकन आपटलं. मास्तरांना वाटलं, आता जयवंती टेबल उलथवणार, फेलिशिया रडणार, जेम्स उठून जाणार. ते स्वतः तर तोंड उघडून बसले होते.

फेलिशिया सर्वांत आधी बोलली. “म्हणजे लोपीस नाही?”

“नाही.”

“आणि मास्तरांचंही नाही?”

“कुणाचंच नाही.”

“मग चालेल,” फेलिशिया म्हणाली आणि पर्समधून फोन काढून तिने बटण दाबलंसुद्धा.

“राऊतांचं नाय तं नाय, पन तुस्कान्यांचंही नाय ना? बस्स झालं,” म्हणत जयवंतीने दाबलं. जेम्सने थोडा विचार केला. त्याचे सर्वांत जास्त अंगठे होते, सोडायला सर्वांत जास्त त्याच्याकडेच होतं. “पस्तीस वर्षं जावई म्हणून राहिलो,” तो हळूच म्हणाला, “आता मच्छर म्हणून राहू.” आणि त्यानेही दाबलं. त्याच्याबद्दल पहिल्यांदाच मास्तरांना काहीतरी वाटलं, आणि ते रागासारखं नव्हतं.

राहिले मास्तर. तिघं त्यांच्याकडे बघत होते.

“खड्डा?” मास्तर म्हणाले. “अहो, माझ्या आजोबांनी खणलंय ते! पाण्याला खड्डा? आणि मच्छर! चाळीस वर्षं मराठी शिकवली मी. निदान डासांचा तरी म्हणा!”

“काका, नाव बदललं की ती नवीन नोंद होते. पुन्हा शून्य अंगठे.”

“हा शुद्ध अपमान आहे.”

“आहेच,” क्षितिजा म्हणाली. “पण यात पाणी राहतं. काका, मला ते यादीत हवंय. दाबा ना.”

मास्तरांना भयंकर राग आला. त्या कोरलेल्या दाढीचा, त्या अर्ध्या उघडलेल्या दाराचा, आणि सर्वांत जास्त स्वतःचा. जानेवारीत प्रिस्काने सांगितलं होतं तेव्हा नुसतं ‘बावखल’ लिहिलं असतं तर! किंवा फेब्रुवारीत तीन अंगठ्यांनी हार मानली असती, तर निदान एका शेजाऱ्याचं नाव राहिलं असतं, ज्याच्या घरी लग्न-मयताला आपण जातो. शेजाऱ्याचं नाव सहन झालं नाही, म्हणून आता परक्याची शिवी आपल्याच बोटाने कायम करायची. करपलेली पानवेल त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी बटण दाबलं, आणि बाकावरून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते जेम्सला दिसू द्यायचं नव्हतं.

यादी लागली. रस्ता वळला. नकाशावर उमेळ्यात एक छान कोपरा आला, आणि केळीच्या घडांना, पानवेलीला आणि मोगऱ्याला यातलं काही कळलं नाही.

मे महिन्यात पाटी लावायचा कार्यक्रम झाला. काठावर मांडव, खुर्च्या, माइक. कौस्तुभ नव्या टी-शर्टमध्ये आला होता. तो बोलायला उभा राहिला आणि म्हणाला की गावाने पिढ्यान् पिढ्या जपलेलं एक अस्सल लोकनाव आज आपण अधिकृत करतोय, आणि संपूर्ण तालुक्यात इतक्या प्रचंड एकमताने आलेलं दुसरं नाव नाही. निळ्या पाटीवरचा कपडा ओढला गेला. ‘मच्छरांचा खड्डा. संरक्षित जलस्थळ.’ खाली बारीक अक्षरात, ‘प्रमुख नोंदकर्ते : ग्रीन लगून रहिवासी.’

प्रमुख नोंदकर्त्यांतर्फे शाल-श्रीफळ घ्यायला सुधाकरराव पुढे झाले. ज्यांनी बुजवा म्हणून अर्ज केला होता त्यांना जपल्याबद्दल नारळ मिळाला, आणि तो घेताना त्यांचा कंठ खरोखरच दाटून आला. “आपलं पाणी, आपली ओळख,” ते म्हणाले. कॉम्प्लेक्सच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवात एकशे सत्त्याऐंशीपैकी निम्मे तरी आले असतील. चारही घरं मागच्या रांगेत होती, कारण पुढच्या खुर्च्यांवर ‘रहिवासी’ असे कागद चिकटवले होते. या वेळी मध्ये पिशव्या नव्हत्या. खुर्च्याच कमी पडल्या होत्या.

पाणी राहिलं, पाणी राहिलं, असं मास्तर मनात म्हणत होते. दहा वेळा म्हणून झालं. खरंच राहिलं होतं. चार पावलांवर, हिरवंगार, काठोकाठ नसलं तरी मे महिन्याच्या मानाने भरपूर. त्यांना ते बघवत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर सुधाकरराव शाल सावरत खाऊची पाकिटं वाटत मागच्या रांगेपर्यंत आले. मास्तरांच्या पुढे थांबले. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, पण धागा लागत नव्हता.

“काका, तुम्ही कुठल्या विंगमधले?”

मास्तरांनी बाजूला बघितलं. फेलिशिया मांडीवर हात ठेवून बसली होती, जेम्स जमिनीकडे बघत होता, आणि जयवंती, जन्मात पहिल्यांदा, गप्प होती.

“आम्ही विंगमधले नाही,” आग्नेल मास्तर म्हणाले. “आम्ही इथले मच्छर.”

सुधाकररावांना तो विनोद फार आवडला. ते मोठ्याने हसले, मास्तरांच्या हातात वेफर्सचं एक पाकीट ठेवलं आणि पुढच्या खुर्चीकडे वळले.